ओंडका स्वतः चिरायचा तर: चेनसॉ मिल की बँडसॉ मिल?

वादळात कोसळलेले मोठे झाड आडवे पडलेले असते, बुंधा सरळ आणि निरोगी दिसतो, आणि त्याचे नुसते सरपण करायला मन घेत नाही. अशा वेळी फळ्या स्वतःच चिराव्यात असे वाटू लागते आणि विचार दोन यंत्रांपाशी येऊन थांबतो. पहिले म्हणजे चेनसॉच्या, म्हणजे साखळी-करवतीच्या, पात्याला आवळून बसवायची धातूची चौकट, जिला चेनसॉ मिल म्हणतात. दुसरे म्हणजे रुळांवरून सरकणारी बँडसॉ मिल, जिच्यात दातेरी पोलादी पट्टी दोन चाकांवरून अखंड फिरत असते. मी दोन्हींवर काम केले आहे, आणि निवड करणाऱ्याने इंजिनाच्या ताकदीकडे पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे काढावीत असे माझे ठाम मत आहे: ओंडका कुठे पडला आहे, आणि त्यातून किती जाडीचे लाकूड हवे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजनात दडलेले आहे. ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण ३५० किलोंचा भरतो. लांबी तीच ठेवून व्यास ६० सेंटिमीटर धरला की वजन ८०० किलोंच्या घरात जाते, कारण घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बँडसॉ मिल वापरायची तर हा ओंडका उचलून, ओढून किंवा लोटून यंत्राच्या पाटावर चढवावा लागतो, म्हणजे ट्रॅक्टर, कप्पी किंवा निदान पहारी आणि तीन-चार माणसे हाताशी हवीत. चेनसॉ मिल मात्र खांद्यावरून ओंडक्यापर्यंत नेता येते. झाड ओढ्याच्या काठावर, उतारावर किंवा दोन घरांमधल्या चिंचोळ्या जागेत पडले असेल, तर ते तिथेच चिरून एकेक फळी बाहेर काढता येते. अशा जागी बँडसॉचा विचारच करू नये. तिथे तुलनेला अर्थ उरत नाही.

ओंडका मोकळ्यावर असेल आणि हलवता येत असेल, तर दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि इथे थोडे गणित करावेच लागते. चेनसॉची नेहमीची जाड साखळी लाकडातून जाताना सुमारे ९ मिलिमीटर रुंदीचा भाग भुसा करून टाकते. बँडसॉची पट्टी मिलिमीटरभर जाडीची असते आणि तिचे दाते आलटून पालटून दोन्ही बाजूंना किंचित वळवलेले असतात, त्यामुळे तिच्या कापाची रुंदी अडीच मिलिमीटरच्या आसपास राहते. आता साल आणि कडा काढून तयार केलेला ३०० मिलिमीटर उंचीचा चौकोनी ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या तर चेनसॉ ९ फळ्या देईल आणि बँडसॉ ११. चेनसॉच्या आठ कापांत ७२ मिलिमीटर लाकूड, म्हणजे ठोकळ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा, भुशात जाते. एकेका ओंडक्यामागे दोन-दोन फळ्या जात असतील तर दहा ओंडक्यांना वीस फळ्या गेल्या, आणि चांगल्या लाकडाच्या बाबतीत हे नुकसान मला पाहवत नाही.

हाच ठोकळा ५० मिलिमीटरच्या फळ्यांसाठी चिरला तर चित्र बदलते: चेनसॉही ५ फळ्या देतो आणि बँडसॉही ५. बँडसॉच्या बाजूला उरलेला तुकडा थोडा जाड असतो, एवढाच फरक. म्हणून टेबलाचा जाड पाट, बाक, तुळया किंवा खांब हवे असतील तर कापाच्या रुंदीची चिंता करण्याचे कारण नाही. उलट, लांब पाते बसवलेली चेनसॉ मिल जितका रुंद ओंडका एका अंगाने चिरू शकते, तितकी रुंदी लहान आकाराच्या बँडसॉ मिलला झेपत नाही. तिच्या दोन मार्गदर्शक चाकांमधले अंतर ठरलेले असते आणि त्यापुढे ओंडका जातच नाही. बारीक फळ्यांसाठी बँडसॉ आणि जाड, रुंद पाटांसाठी चेनसॉ, ही विभागणी मला आजवर कुठेही चुकीची ठरलेली दिसली नाही.

चेनसॉ मिल घेणाऱ्याने पहिल्या कापाबद्दल मात्र आधीच नीट समजून घ्यावे. चौकट वरच्या सपाट पृष्ठभागावरून सरकते आणि पाते तिच्यापासून ठरलेल्या खोलीवर समांतर चालते. गोल ओंडक्याला सपाट पृष्ठभाग नसतो, म्हणून पहिल्या कापासाठी त्याच्यावर सरळ शिडी किंवा दोन ताठ पट्ट्यांची चौकट बसवावी लागते. माझ्या सुरुवातीच्या एका ओंडक्यावर मी शिडी एका टोकाला पाणसळ लावून बसवली आणि दुसरे टोक नजरेने जुळवले. काप गुळगुळीत आला, म्हणून मी समाधानाने पुढच्या फळ्या काढत गेलो. सगळ्या काढून झाल्यावर त्या सपाट फरशीवर ठेवल्या, तेव्हा प्रत्येक फळीचा एक कोपरा बोटभर उचललेला होता, आणि तोही प्रत्येकीचा तोच. प्रत्येक काप आधीच्या कापाची नक्कल करत असल्याने शिडीतला पीळ शेवटच्या फळीपर्यंत उतरला होता. तेव्हापासून पाणसळ शिडीच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पाहतो, मध्ये झोळ येऊ नये म्हणून खालून पाचरी देतो, आणि शिडी स्क्रूने ओंडक्याला घट्ट केल्यानंतर पुन्हा एकदा तपासतो. या तयारीत अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागतो. बँडसॉ मिलमध्ये हीच काळजी एकदाच, रूळ बसवताना घ्यायची असते. पाट पक्क्या जमिनीवर समपातळीत बसला की पुढचे सगळे ओंडके त्याच्याच आधाराने सरळ चिरले जातात.

चेनसॉच्या इंजिनावर चिराईचा ताण सरपण कापण्यापेक्षा कितीतरी अधिक येतो. सरपणाचा आडवा काप काही सेकंदांत संपतो. चिराईत तीन मीटरभर पूर्ण वेगात, पूर्ण भाराखाली इंजिन चालत राहते. म्हणून ७० सीसीपेक्षा लहान इंजिनावर हे काम लादू नये आणि ओंडका रुंद असेल तर ९० सीसीच्या आसपासचे यंत्र घ्यावे. बॅटरीवरचे चेनसॉ फांद्या छाटायला आणि सरपणाला उत्तम असले, तरी चिराईत त्यांची बॅटरी बघता बघता उतरते. दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण लागते. उत्पादकाने ५०:१ सांगितले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, आणि हे माप अंदाजाने न घेता मापटीनेच घ्यावे, कारण तेल कमी पडले की पिस्टन चिकटतो आणि तो खर्च मोठा असतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओल शोषते, तेव्हा काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. पात्याच्या तेलाची टाकी दर इंधन-भरणीला भरावी. लांब पात्यावर एका टोकाने सुटणारे तेल पुरत नाही, पात्याचे दुसरे टोक कोरडे पडून तापते, आणि म्हणूनच बऱ्याच चिराईगिरांनी तिथे वेगळी तेलाची बाटली जोडलेली असते. काप संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवले तर आतली उष्णता बाहेर पडते.

साखळीही चिराईची वेगळी मिळते. आडव्या कापासाठीच्या दातांना वरून साधारण ३० अंशांचा कोन असतो. लांबीच्या दिशेने कापताना १० अंशांच्या आसपासचा कोन अधिक गुळगुळीत काप देतो. धार गेली की आडव्या कापात टपोऱ्या चकत्यांऐवजी पीठ पडू लागते, पण चिराईत चांगली धार असतानाही भुसा बारीकच पडतो, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधता येत नाही. इथे लक्ष हातांकडे ठेवावे. चौकट आपल्या वजनाने पुढे जात असेल तर धार आहे. ती रेटावी लागली, किंवा पाते एका बाजूला ओढू लागले, तर थांबून कानस घ्यावी. प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात मारावेत, कारण उजवीकडचे दाते डावीकडच्यांपेक्षा लांब राहिले की काप वाकडा जातोच. रुंद, कठीण लाकडात मी प्रत्येक दोन कापांमागे कानस चालवतो. बँडसॉच्या पट्टीला हाताने धार लावणे सोपे नाही. चार-पाच पट्ट्या जवळ ठेवून बोथट झालेल्या एकत्र धारेला पाठवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. लाकडात खिळा किंवा तार निघाली तर साखळीचे काही दाते जातात आणि कानसेने बऱ्याचदा सावरता येतात, पण पट्टी बहुधा पूर्ण वाया जाते. अंगणातल्या किंवा कुंपणालगतच्या झाडावर बँडसॉ लावण्याआधी धातुशोधक फिरवावाच.

बँडसॉची स्वतःची खोड म्हणजे लाटदार काप. पट्टीचा ताण कमी पडला, धार उतरली किंवा डिंक चिकटून ती तापली, की गाठीपाशी पट्टी वर चढते आणि गाठ ओलांडल्यावर खाली येते. वरून पाहताना काही कळत नाही. फळी उचलून कडेने डोळ्यासमोर धरली की लाट दिसते. थेंब-थेंब पाणी सोडत राहणे, ताण तपासणे आणि गाठीजवळ सरकवण्याचा वेग अर्धा करणे, यांनी ती आटोक्यात येते. हे सांभाळले तर ३ मीटरचा काप दोनेक मिनिटांत होतो. चेनसॉवर त्याच्या तीन-चारपट वेळ धरावा, शिवाय कानस आणि इंधनभरणीचा वेगळा. बँडसॉवर ओंडका फिरवता येतो, हाही मोठा फायदा आहे. आतला ताण सुटून लाकूड वाकू लागले की ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने कापले तर बाक वाढत नाही.

शरीराच्या दृष्टीने दोघांत फार अंतर आहे. चेनसॉ मिलवर माणूस वाकून, धुराच्या आणि भुशाच्या झोतात, कंप पावणारे यंत्र धरून उभा असतो, आणि आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. कानांचे संरक्षण, चष्मा, भुशासाठी मास्क आणि पायांना चेनसॉच्या साखळीपासून वाचवणारी विजार यांशिवाय हे काम सुरूच करू नये. दिवसाला दोन ओंडके ही माझी मर्यादा आहे, कारण त्यानंतर हात बधिर होतात आणि चूक व्हायला तेवढे पुरते. बँडसॉवर माणूस ताठ उभा राहून यंत्र ढकलतो, पण ताणलेली पट्टी तुटली तर ती उसळते. झाकणे उघडी ठेवून चालवणे आणि पट्टी बदलताना हातमोजे न घालणे या दोन चुका कधीही करू नयेत.

उरलेल्या सालीकडच्या तुकड्यांचाही विचार निवड करताना करावा. ते पातळ असल्याने ओल लवकर सोडतात, आणि शेगडीला २० टक्क्यांहून कमी ओल असलेले लाकूडच हवे. ओले जाळले तर उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो आणि धुरांड्यात डांबरासारखा थर साचतो. बँडसॉ या बाजूने कमी भुसा आणि जास्त फळ्या देतो. चेनसॉच्या भुशात पात्याचे तेल मिसळलेले असते, त्यामुळे तो जनावरांखाली पसरू नये आणि भाजीच्या वाफ्यातही टाकू नये.

फळ्या वाळवण्याचे काम दोन्हीकडे सारखेच: कापल्या दिवशीच टोकांना रंग किंवा मेण, मध्ये एकसारख्या जाडीच्या सुक्या पट्ट्या एकीखाली एक उभ्या रेषेत, वर वजन, आणि जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे ढोबळमानाने एक वर्ष. चेनसॉच्या फळीवर खरबरीत रेघा राहतात, म्हणून तिथे रंध्यासाठी ४-५ मिलिमीटर जास्त जाडी ठेवावी. बँडसॉच्या फळीला २-३ मिलिमीटर पुरतात.

ज्याच्याकडे मोठा चेनसॉ आधीच आहे आणि वर्षाकाठी तीन-चार ओंडकेच चिरायचे आहेत, त्याने चौकट, चिराईची साखळी आणि एक सरळ शिडी एवढेच घ्यावे. मोकळी पक्की जागा, ओंडके हलवायला साधन आणि दरवर्षी वीस-पंचवीस ओंडके असतील, तर बँडसॉ मिलवरच पैसे घालावेत. या दोहोंच्या मधल्या माणसाला मी सांगेन की फिरती बँडसॉ मिल घेऊन येणारा चिराईगीर मिळत असेल, तर वर्षभराचे ओंडके जमिनीपासून उचलून लाकडी ठोकळ्यांवर रचून, टोके रंगवून ठेवावेत आणि त्याला एका दिवसासाठी बोलवावे.