स्वतःचं कॉमिक काढायचं: शंभर प्रती, पाचशे प्रती की मोबाइलवर हप्ते?

बडोद्यात बसून मराठीत चित्रकथा काढणाऱ्यापुढे आज तीन रस्ते आहेत. डिजिटल प्रेसवर, म्हणजे फाइल थेट लेझर यंत्राला देऊन, शंभर प्रती काढून स्वतः विकणं, ऑफसेटवर, म्हणजे आधी रंगागणिक धातूच्या प्लेटा करून, पाचशे किंवा हजार छापणं, किंवा कागदाला हात न लावता मोबाइलवर हप्त्याहप्त्याने देणं. तिन्हींत चित्रं तीच असतात. पैसा कधी जातो, प्रतिसाद कधी येतो आणि ताण कुठे जाणवतो, हे मात्र प्रत्येकात वेगळं आहे. पहिलंच पुस्तक असेल तर आमचं मत शंभर प्रतींच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणं बरीचशी पैशापलीकडची आहेत.

आधी तासांचा हिशेब

हा हिशेब तिन्ही रस्त्यांना लागू आहे. काळ्या-पांढऱ्या कामात एका पानाला कच्चा आराखडा, पेन्सिल, शाई, स्कॅन आणि अक्षरं धरून 10 ते 14 तास लागतात. 24 पानांचं पुस्तक 12 तासांच्या दराने 288 तासांचं होतं. नोकरी सांभाळून आठवड्याला 10 तास मिळत असतील तर साधारण सात महिने. त्यात प्रेसच्या फेऱ्या, फाइल दुरुस्ती, पाकिटं, हिशेब आलेले नाहीत. त्यांना आणखी महिनाभर धरा.

हे सात महिने कुणी काही विचारत नाही, कुणी पाहत नाही. बहुतेक पुस्तकं दहाव्या ते पंधराव्या पानाच्या दरम्यान अडतात, कारण सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. उपाय रोखठोक आहे: पहिलं पुस्तक 24 ऐवजी 16 पानांचं करा आणि सगळ्या पानांचा अंगठ्याएवढा आराखडा पूर्ण झाल्याशिवाय एकही पान शाईत घेऊ नका. पान अर्धवट राहिलं तरी पुढचं काय आहे हे भिंतीवर दिसत राहतं.

दुसरा ताण मनगटाचा. पाऊण तासाला हात थांबवायचा, उठायचं, खांदे मोकळे करायचे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. ते अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. मुदत पुढे ढकलता येते. तुम्ही स्वतःच प्रकाशक असण्याचा हा सरळ फायदा आहे, आणि तो घ्यायला लोक उगीच संकोचतात.

शंभर प्रती

आकार ए-5, म्हणजे ए-4 कागद मधे दुमडलेला. बांधणी सेंटर पिन, म्हणजे दुमडीवर मधोमध पिना. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. आत 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) मॅप्लिथो, म्हणजे चकाकी नसलेला छपाईचा कागद, कव्हरला 250 जीएसएमचं आर्ट कार्ड. 70 जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर काळे भाग मागच्या बाजूला दिसतात, त्या मोहात पडू नका.

मूळ पान ए-4 वर काढलं तर छपाईत ते सुमारे 70 टक्के होतं. 0.3 मिलिमीटरची रेघ 0.2 वर येते, त्याहून बारीक रेघा तुटतात. रेघांचं काम 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, मग शुद्ध काळ्या-पांढऱ्यात बदला. करड्या रंगात ठेवलेल्या रेघा लेझर यंत्र ठिपक्यांत फोडतं आणि कडा केसाळ दिसतात. चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जादा चित्र सोडा. सेंटर पिनमध्ये मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये थोडी जास्त कापली जातात, म्हणून संवादांचे फुगे बाहेरच्या कडेपासून 8 ते 10 मिलिमीटर आत ठेवा.

कव्हर बिघडण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे दुमड. जाड कार्ड क्रीझिंग न करता, म्हणजे आधी दाबून घडीची रेघ न पाडता, दुमडलं की टोनर (लेझर यंत्राची कोरडी शाई) फुटतो आणि काळ्या कव्हरवर मधोमध पांढरी रेघ उमटते. क्रीझ सांगून करून घ्या, कागदाच्या धाग्याची दिशा दुमडीला समांतर आहे का ते विचारा, आणि शक्य असेल तर दुमडीच्या जागी गडद रंगच ठेवू नका. शंभर प्रतींची ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक पूर्ण डमी, म्हणजे नमुना प्रत, काढून घ्या. तीच घरी नेऊन दोन दिवस ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पडद्यावर दिसत नाहीत, कागदावर लगेच दिसतात, आणि मराठी वाचक त्या नक्की दाखवतो.

आता पैसे. दर प्रेसगणिक बदलतात, म्हणून हे आकडे पद्धत कळण्यापुरतेच धरा. 24 आतली पानं म्हणजे ए-3 चे तीन कागद, सहा बाजू. बाजूला 3 रुपये धरले तर 18. कव्हर 20, क्रीझ-पिन-कटिंग 5. एक प्रत 43 रुपये, शंभर प्रती 4,300. किंमत 120 ठेवली तर टेबलावर 36 प्रती विकल्या की खर्च निघतो. दुकानदाराने 40 टक्के कापले तर हातात 72 येतात, मग 60 प्रती लागतात. दोन्ही आकडे ओळखीपाळखीच्या थोड्या पलीकडे गेलं की गाठता येतात. म्हणून हा रस्ता झोप उडवत नाही.

आनंदही याच रस्त्यावर सर्वांत जवळ आहे. फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्सच्या मेळ्यात किंवा एखाद्या कॉमिक मेळाव्यात टेबलामागे उभं असताना कुणी तिसऱ्या पानावर थांबतो, मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. ते तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. कुठल्या चौकटीवर माणूस हसला, कुठे गोंधळला, हे कुठल्याही आकडेवारीतून कळत नाही. चूक सापडली तर पुढच्या पन्नास प्रतींत सुधारता येते, ही निश्चिंती ऑफसेटमध्ये नाही.

ताण याच टेबलाचा आहे. दिवसभर लोक चाळतात आणि ठेवून देतात. ज्यांना हे जिव्हारी लागतं त्यांनी दोघांत टेबल घ्यावं, तासातासाने आलटून-पालटून बसावं. यूपीआयचा कोड मोठा छापून लावावा, सुटे पैसे वेगळ्या डब्यात ठेवावेत, आणि संध्याकाळी हिशेब तिथेच मांडून उठावं.

पाचशे प्रती

ऑफसेटला ए-5 च्या जवळचा डेमी आकार सोयीचा पडतो, कारण 18 बाय 23 इंचाच्या कागदावर दोन्ही बाजू मिळून 16 पानं बसतात, म्हणजे एक फर्मा. 24 पानं दीड फर्मा होतात, 32 पानं बरोबर दोन. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, जवळजवळ तेवढाच हजारांना. त्यामुळे प्रत स्वस्त होत जाते आणि तिथेच माणूस फसतो.

समजा ठरलेला खर्च 8,000 आणि त्यापुढे प्रतीमागे 14 रुपये. पाचशे प्रती 15,000 ला, म्हणजे 30 रुपयांना एक. डिजिटलच्या 43 च्या तुलनेत स्वस्त वाटते. पण वर्षभरात 150 प्रती गेल्या तर विकल्या गेलेल्या प्रतीला 100 रुपये पडले. छपाईचा दर छापलेल्या प्रतींवर काढू नका, विकल्या जाणाऱ्या प्रतींवर काढा. टेबलावर विकूनही 125 प्रतींपर्यंत तुम्ही तोट्यातच असता.

मग त्या उरलेल्या प्रती घरात राहतात. 24 पानांची ए-5 प्रत सुमारे 53 ग्रॅमची असते. पाचशेंचं वजन 26 किलोच्या वर, एकावर एक रचल्या तर मीटरभर उंच. बडोद्याच्या पावसाळ्यात कार्डाच्या कडा वाकतात, वाळवी लागते. 2019 आणि 2024 च्या पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं होतं, तेव्हा तळमजल्यावर गठ्ठे जमिनीवर ठेवणं हा विचार सोडाच. फळीवर, भिंतीपासून थोडे दूर, पंचवीस-पंचवीसच्या प्लास्टिकबंद गड्ड्या करा. आणि खरा ताण ओलीचाही नाही. रोज खोलीत शिरताना तो गठ्ठा दिसतो, घरचे काही बोलत नाहीत तरी तो दिसतो, आणि पुढचं पुस्तक सुरू करायला हात धजत नाही. आधीच्या पुस्तकाने पुढचं पुस्तक रोखणं हे स्वप्रकाशनातलं सर्वांत मोठं नुकसान आहे असं आम्हाला वाटतं.

तरी ऑफसेट घ्यावं अशा वेळा आहेत. रंगीत पानं जास्त असतील. आधीच्या शंभर प्रती सहा महिन्यांत संपल्या असतील. किंवा दोनशे लोकांनी पैसे आगाऊ भरले असतील. “छाप, मी घेईन” म्हणणारे यात मोजू नका, पैसे आलेलेच मोजा. छपाईत काळ्या अक्षरांना चार रंगांचं मिश्रण देऊ नका, फक्त काळी प्लेट ठेवा, नाहीतर नोंदणी, म्हणजे चार रंगांचं एकमेकांवर अचूक बसणं, जराशी सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते.

मोबाइलवर हप्ते

इथे खर्च जवळजवळ नाही, आणि रात्री टाकलेल्या पानाला सकाळपर्यंत इंदूर, ठाणे, सोलापूरहून उत्तर येतं. बडोद्यातल्या मराठी लेखकाला ही गोष्ट फार मोलाची आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत वाचणारी पिढी आहे, पण पुढची पिढी मराठी बोलते आणि वाचते मात्र गुजरातीत किंवा इंग्रजीत. वाचक शहराबाहेर शोधावाच लागतो.

पण छापील पान जसंच्या तसं मोबाइलवर चालत नाही. ए-5 पानाची रुंदी 148 मिलिमीटर, मोबाइलच्या पडद्याची 68 च्या आसपास. 10 पॉइंटचं अक्षर तिथे साडेचार पॉइंटचं होतं. एका चौकटीला एक चित्र असं कापावं लागतं. उलट बाजूची चूक त्याहून महाग आहे: फक्त मोबाइलसाठी 1080 पिक्सेल रुंद काढलेलं चित्र 300 डीपीआयला जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद छापतं. पुढे पुस्तक करायचा विचार दूरवर जरी असला तरी पहिल्या दिवसापासून मोठ्या मापात काढा आणि टाकताना लहान करा.

मनावरचा भार इथे वेगळ्या जातीचा असतो. छापील कामात महिनोन्‌महिने शांतता, इथे दर आठवड्याला परीक्षा. जिवापाड काढलेल्या हप्त्याला चाळीस लोक पाहतात, घाईत काढलेल्या विनोदाला चार हजार, आणि नकळत कथा त्या चार हजारांकडे वळू लागते. सहा ते आठ हप्ते तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. आजारपण, परीक्षा, घरचं लग्न यांत तेच तारतात. आणि टाकल्यावर चोवीस तास आकडे पाहू नका. हे जमत नसेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही, त्यात कमीपणा काही नाही.

अक्षरं, आणि दुसरी भाषा

देवनागरीला फुग्यात जागा जास्त लागते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. दोन ओळींत अक्षराच्या दीडपट अंतर ठेवलं नाही तर ते एकमेकांत शिरतात. म्हणून आधी मजकूर बसवा, मग त्याभोवती फुगा काढा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. इंकस्केपमध्ये ही अडचण येत नाही. हस्ताक्षरासारखा ‘कलम’ हा मोफत फॉन्ट फुग्यात चांगला दिसतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर नेताना निकामी होतो.

अक्षरं वेगळ्या थरावर ठेवली तर गुजराती आवृत्ती काढताना चित्रांना हात लावावा लागत नाही, ऑफसेटला फक्त काळी प्लेट बदलते. बडोद्यात हे करून पाहण्यासारखं आहे: 70 प्रती मराठी, 30 गुजराती, डिजिटलवर एकाच दिवशी.

कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर व्यक्तीलाही अर्ज करता येतो. दुकान किंवा ग्रंथालय हवं असेल तर घ्या, मेळ्यापुरतं असेल तर अडत नाही. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते, तेव्हा चार प्रती आधीच बाजूला काढा. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, छपाईच्या बिलावर मात्र लागतो. दर विचारताना करासकट विचारा.

कुणी काय घ्यावं

माणसांसमोर उमेद येणाऱ्याने शंभर प्रती घ्याव्यात. एकट्याने, संध्याकाळी, नियमाने काम होतं आणि आकड्यांनी मन हलत नाही, त्याने हप्ते सुरू करावेत आणि दहा-बारा हप्त्यांनंतर त्यांचं छोटं पुस्तक काढावं. पाचशे प्रती दुसऱ्या पुस्तकाला. चौथाही एक रस्ता आहे, दिवाळी अंकाला चार-सहा पानांची चित्रकथा देण्याचा. संपादकांशी उन्हाळ्यातच बोलावं लागतं, पण वाचक आयता मिळतो आणि मुदत दुसऱ्याची असल्याने काम पुरं होतं.

लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा असेल तर पहिल्या पानाआधी एक कागद करा: खर्च कुणाचा, वसूल झाल्यावर वाटणी कशी, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, दुसऱ्या भाषेत काढायचं तर कुणाची संमती. पुढे एखाद्या प्रकाशकाने विचारलं तर हक्क लेखी आणि मुदतीसह द्या. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. भाषा आणि माध्यम, म्हणजे छापील की डिजिटल, हेही त्याच कागदावर स्वतंत्र ओळीत लिहून घ्या.