काकडी मोजायची की नाही? अकरा महिने कॅलरी मोजल्यानंतरचा माझा अनुभव

गेले अकरा महिने मी खाण्यापिण्याची रोज नोंद ठेवतेय. साधनं दोनच, फोनमधलं कॅलरी मोजायचं ॲप आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा. दोन्ही नीट चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. मला दमवलं ते काकडी, पालक, कोबी, मशरूम, लिंबू आणि काळ्या कॉफीने. ज्यात कॅलरी जेमतेम असतात, त्या गोष्टी मोजायच्या की सोडून द्यायच्या, हे ठरवण्यातच माझे सहा महिने गेले.

पहिले तीन महिने मी सगळं मोजलं. काकडी १८६ ग्रॅम, २८ कॅलरी. टोमॅटोच्या चार फोडी, ११. लसणाची एक पाकळी, ४. काळी कॉफी, २. एका जेवणाच्या दहा-बारा ओळी व्हायच्या आणि त्यातल्या सात-आठ ओळींची बेरीज पन्नाशीही गाठत नसे. तोवर ताटातलं गार व्हायचं. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका रात्री भूक लागली म्हणून काकडी हातात घेतली, पण धुवा, चिरा, काटा काढा, नोंद करा, हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि ती परत ठेवून दिली. त्याऐवजी चार बिस्किटं खाल्ली. त्यांच्या पाकिटावर बारकोड होता, नोंद दोन सेकंदांत झाली. नंतर मला त्याचं फार वाईट वाटलं. काय खायचं हे नोंद करायला काय सोपं यावरून ठरायला लागलं होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. चौथ्या महिन्यापासून भाजी म्हटली की नोंद नाही. खूप मोकळं वाटलं. पण तोवर हळूहळू उतरणारं वजन पाच आठवडे जागचं हललं नाही.

कारण सापडलं ते कढईत. मला परतलेले मशरूम आवडतात. २०० ग्रॅम मशरूममध्ये साधारण ४४ कॅलरी, म्हणून ते माझ्या लेखी फुकटच. एकदा सहज तेलाची बाटली काट्यावर ठेवली, आकडा शून्य केला, नेहमीसारखं तेल ओतलं आणि बाटली परत काट्यावर ठेवली. काट्याने उणे १७ ग्रॅम दाखवले. तेलाच्या एका ग्रॅमला जवळपास ९ कॅलरी, म्हणजे मशरूम ४४ आणि तेल १५०. मशरूम स्पंजासारखे तेल पितात, कढईत खाली काही उरतही नाही. मशरूमची ओळ मी नोंदीतून काढली, तेव्हा तिच्यासोबत तेलही निघून गेलं होतं.

तेव्हापासून मी सगळीकडे हेच बघायला लागले. काळी कॉफी २ कॅलरीची, पण तिच्यात ४० मिलिलिटर साय न काढलेलं दूध घातलं की २५ वर वाढतात, आणि मी दिवसाला चार कप पीत होते. शिवाय ‘भाजी’ या नावाखाली मटार, मका आणि बटाटाही बिनमोजणीचे जात होते. काकडीच्या १०० ग्रॅमला १५ कॅलरी, तर या तिघांना ७५ ते ९०. तिघांनाही मोजावंच लागतं.

भाजीपेक्षा तिच्यावर काय घालतो यानेच फरक पडतो, हे सॅलडच्या बाबतीत प्रयोगातही दिसलेलं आहे. पेन स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जेवणाआधी सॅलड देऊन पाहिलं. कमी कॅलरीचं मोठं सॅलड खाल्लेल्यांच्या पूर्ण जेवणाच्या कॅलरी, सॅलड धरूनही, सॅलडशिवायच्या जेवणापेक्षा १२ टक्क्यांनी कमी भरल्या. तेवढंच मोठं, पण भरपूर ड्रेसिंग आणि चीज घातलेलं सॅलड दिलं, तेव्हा त्या १७ टक्क्यांनी वाढल्या. माझ्या पाच आठवड्यांचं उत्तर मला त्यातच मिळालं.

पाकिटावरच्या ‘शून्य कॅलरी’बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मी इथेही फसले. अमेरिकेच्या नियमानुसार एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे एका वेळचं म्हणून धरलेल्या प्रमाणात, ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलवर शून्य लिहिता येतं. त्यामुळे सगळा खेळ सर्व्हिंग किती धरलंय यावर असतो. तेलाच्या स्प्रेवर एक सर्व्हिंग म्हणजे पाव सेकंदाचा फवारा असतो. पाव सेकंद कोण दाबतं? मी तीन-चार सेकंद दाबायचे, म्हणजे तीसेक कॅलरी तरी. साखरेऐवजी वापरतात त्या गोडीच्या पुड्यांचंही तसंच. त्यातलं गोड द्रव्य चिमूटभरच असतं, बाकी पुडी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन या कॅलरी असलेल्या पावडरींनी भरलेली असते आणि एका पुडीच्या ३-४ कॅलरी होतात. दिवसाला एक घेत असाल तर विसरून जा, आठ घेत असाल तर लिहा. युरोपातल्या पाकिटांवर १०० ग्रॅमचा आकडा द्यावाच लागतो, तो पाहिला की लगेच उलगडा होतो.

काट्याचीही एक खोड लक्षात ठेवा. पुष्कळ स्वस्त काटे थेंब थेंब पडणारं वजन पकडतच नाहीत. आकडा स्थिर ठेवण्यासाठी ते बारीक फरक आपोआप शून्यात मिळवून टाकतात. भांडं काट्यावर ठेवून वरून हळूहळू तेल सोडलं तर ५ ग्रॅम पडूनही काटा २ दाखवू शकतो. म्हणून बाटलीच आधी आणि नंतर ठेवायची. दोन-तीन ग्रॅमच्या गोष्टींसाठी या काट्यावर विसंबूच नका.

आणि सेलरी ही देठांची भाजी पचवायलाच जास्त कॅलरी लागतात, म्हणून ती ‘उणे कॅलरी’ची असं म्हणतात, ते खरं नाही. मिश्र जेवण पचवायला त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ऊर्जा लागते. सेलरीत कॅलरी कमी असतात, उणे नसतात.

सहाव्या महिन्यात मी दोन आठवडे पुन्हा सगळं काटेकोर मोजलं, फक्त सरासरी काढण्यासाठी. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मशरूम, लिंबू, लसूण, काळी कॉफी, सगळं मिळून सर्वांत कमी दिवस ४५ कॅलरींचा, सर्वांत जास्त ११० चा, सरासरी ८० च्या आसपास. तेव्हापासून रोज सकाळी ॲपमध्ये ‘हिरवं’ नावाची ८० कॅलरींची एकच ओळ टाकते आणि दिवसभर त्यातलं काहीही मोजत नाही. १०० ग्रॅमला ३० च्या खालच्या भाज्या या ओळीत जातात. कांदा, गाजर, बीट ४० च्या घरात, ते वाटीभर खाल्ले तरच वेगळे लिहिते. तेल, ड्रेसिंग, दूध, चीज, दाणे मात्र ग्रॅमवर.

यात दहा-वीस कॅलरी इकडेतिकडे होतात, हे मला मान्य आहे. पण पाकिटावरच्या छापील आकड्यातही फरक असतो, अमेरिकेत तर खऱ्या कॅलरी लेबलपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त भरलेल्या चालतात. २०० कॅलरींच्या पाकिटात तिथे ४० चा फरक पडत असताना कॉफीच्या २ कॅलरींमागे धावण्यात मला आता अर्थ दिसत नाही.

माझी ही पद्धत सगळ्यांना चालणार नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं लागतं, कारण त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागू शकतं, आणि पालकात ते भरपूर असतं. अशांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. आणि एखादी ओळ लिहायची राहिली म्हणून कुणाची झोप उडत असेल, तर त्यांनी ही नोंदच काही दिवस थांबवावी असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या महिन्यात मी त्याच्या फार जवळ गेले होते.

थांबलेलं वजन आठव्या महिन्यात पुन्हा हलायला लागलं. काटा अजून ओट्यावरच असतो, तेलाच्या बाटलीशेजारी. काकडी मी आता ओट्यापाशी उभ्या उभ्याच चिरून खाते.