डेल्टा मॉड्यूल वन: क्लास न लावता, फक्त परीक्षेची फी भरून

इंग्रजीच्या शिक्षकाने पुढचं काही शिकायचं म्हणून मोबाईलवर शोधाशोध केली, की लगेच जाहिराती सुरू होतात. एकशेवीस तासांचा इंटरनॅशनल डिप्लोमा, ऐंशी टक्के सूट, ऑफर आज रात्रीपर्यंत. अशाच एका ठिकाणी मी फोन करून विचारलं, ‘माझा एखादा तास कुणी बघणार का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘काळजी करू नका मॅडम, सर्टिफिकेट कुरिअरने घरी येईल.’

मी शेवटी केंब्रिजच्या डेल्टाकडे, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या डिप्लोमाकडे वळले. नाव भारी, खर्चही भारी, म्हणून बरेच जण लांबूनच नमस्कार करतात. पण 2008 पासून याचे तीन सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, झालेत, ते कोणत्याही क्रमाने करता येतात आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं. खिसा रिकामा होतो तो मॉड्यूल टूला, कारण त्यात कोर्स लावावाच लागतो आणि तुमचे तास बघून गुण देतात. मॉड्यूल वन म्हणजे निव्वळ लेखी परीक्षा, जून आणि डिसेंबरमध्ये. कोर्सची सक्ती नाही. अधिकृत केंद्रावर नाव नोंदवा, फी भरा, बसा. फी केंद्राकेंद्राला वेगळी असते, तेव्हा दोनतीन ठिकाणी विचारूनच पैसे भरा.

दीड-दीड तासाचे दोन पेपर, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी. पहिल्या पेपरात संज्ञा येतात: मिनिमल पेअर (एकाच ध्वनीचा फरक असलेली शब्दांची जोडी), कोलोकेशन (नेहमी बरोबरीने येणारे शब्द) असल्या. आपल्याला वाटतं, हे तर येतंच. पण व्याख्येबरोबर चपखल उदाहरणही द्यावं लागतं, आणि तिथे वीस वर्षं शिकवणाऱ्याचाही पेन अडतो. दुसऱ्या पेपरात पाठ्यपुस्तकाचं पान समोर ठेवून विचारतात, हा स्वाध्याय इथे का दिलाय? आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. स्वाध्याय असतो, म्हणून सोडवायचा!

खरी शिकवणी परीक्षा अहवालांची. परीक्षकांना काय हवं होतं, उमेदवार कुठे घसरले, हे नमुना उत्तरांसकट केंब्रिजच्या संकेतस्थळावर फुकट आहे. क्लासवाले बऱ्याचदा हेच रंगीत स्लाइडवर लावून विकतात. दोघीतिघी मैत्रिणी जमवा, अहवाल छापून घ्या आणि घड्याळ लावून लिहा. एकटीने केलं तर आपल्या उत्तरावर आपणच खूश होतो.

मला सगळ्यात उपयोग झाला तो विद्यार्थ्याच्या लेखनाचं विश्लेषण करण्याच्या प्रश्नाचा. त्यात आधी मुलाला काय जमलंय ते उदाहरणासह लिहायचं, मग चुका. आमच्या सेमीच्या आठवीतली पोरं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ लिहितात, ‘ही सेड मी’ लिहितात. पूर्वी मी लाल गोल करून वही परत द्यायचे. आता दिसतं, की ‘तो मला म्हणाला’ मध्ये ‘मला’ थेट क्रियापदाला जाऊन चिकटतं, तेच ‘सेड मी’ मध्ये उतरलंय. पुढच्या तासाला ‘टोल्ड मी’ आणि ‘सेड टू मी’ शेजारी शेजारी फळ्यावर लिहिते. सगळ्यांची गाडी रुळावर येत नाही, पण निम्म्या वर्गाची येते.

आता कटू भाग. ही पात्रता ब्रिटनच्या चौकटीत सातव्या स्तराची, म्हणजे एम.ए.च्या तोडीची धरतात, पण शाळेत हिच्यावर वेतनवाढ मिळेल या आशेवर राहू नका. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र उलटसुलट बघून ‘हे सर्व्हिस बुकात कुठे चढवायचं?’ एवढंच विचारलं. शाळेतल्या नोकरीसाठी बी.एड.ला पर्याय नाही. शिवाय मॉड्यूल वनमध्ये शिकवून दाखवावं लागत नाही, म्हणून अगदी नवख्यांनी इथून सुरुवात करू नये. वर्गच पाहिलेला नसेल तर अर्धे प्रश्न हवेत जातात.

देशी कागद हवा असेल तर हैदराबादच्या इफ्लूचा, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठाचा, दूरशिक्षणातला पीजीसीटीई हा इंग्रजी शिकवण्याचा पदव्युत्तर प्रमाणपत्र कोर्स बघा. 1958 पासूनची संस्था आहे आणि ध्वनिशास्त्राकडे तिथे नीट लक्ष देतात. प्रवेश चालू आहेत का, हे अर्ज करण्याआधी तपासा. नुसतंच शिकायचं असेल तर सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स फुकट करता येतात, पैसे लागतात ते परीक्षेला.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा फीसाठी कापला, कारण क्लासचे पैसे वाचले तरी नुसती परीक्षा फीसुद्धा अनुदानित शाळेतल्या पगाराला जाणवते. मॉड्यूल थ्री म्हणजे चार ते साडेचार हजार शब्दांचा प्रबंध. त्यासाठी एकाच मातृभाषेच्या मुलांचा वर्ग हा विषय घेता येतो. कच्चा माल माझ्याकडे रोज साठच्या गठ्ठ्याने तपासायला येतोच.