आठ महिने व्हूडू३ वापरल्यानंतर

गेले आठ महिने मी थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू३ ३००० हे १९९९ सालचे ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रोज रात्री वापरतो आहे. सोबत पेंटियम ३ प्रोसेसर, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (मदरबोर्डावरचे भाग जोडणाऱ्या चिपचा संच) मदरबोर्ड, विंडोज ९८ आणि जुना सीआरटी मॉनिटर आहे. मदरबोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला, तर कार्ड जुनी यंत्रे जपून ठेवणाऱ्या एका मित्राने दिले. ज्या कंपनीने घरगुती संगणकावर त्रिमितीय खेळ खऱ्या अर्थाने आणले, ती चार-पाच वर्षांतच का संपली, हा प्रश्न मला बराच काळ पडलेला होता आणि त्याचे निदान अर्धे उत्तर या कार्डातच सापडते, असे आता वाटते.

कार्डाचे गुण निःसंशय मोठे आहेत. ग्लाइड ही कंपनीची स्वतःची प्रणाली होती. तिच्यामुळे खेळाचा प्रोग्राम चिपशी जवळजवळ थेट बोलत असे. ‘अनरियल’सारखा ग्लाइड डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला खेळ १०२४ बाय ७६८ वर सुरू केला, की चित्र ज्या सहजतेने सरकते ती आजही सुखावते. १६६ मेगाहर्ट्झच्या चिपला पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. मॉनिटरवरची अक्षरे इतकी रेखीव दिसतात की मी याच संगणकावर लेखनही करू लागलो आहे.

उणीव कळायला मात्र काही आठवडे जावे लागले. हे कार्ड त्रिमितीय चित्र १६ बिट रंगांतच, म्हणजे मोजक्या छटांतच साठवते आणि मॉनिटरकडे पाठवताना एका गाळणीतून काढून ते सौम्य करते. ही गाळणी अगदी शेवटच्या टप्प्यावर असल्यामुळे पडद्याचे टिपलेले चित्र (स्क्रीनशॉट) प्रत्यक्षापेक्षा खडबडीत दिसते. त्या काळी मासिकांत छापलेल्या चित्रांवरून या कार्डाला काही प्रमाणात अन्याय्य नावे ठेवली गेली असणार, असे मला वाटते. तरीही धूर, धुके किंवा संध्याकाळचे आकाश यांत रंगांचे ठिपके डोळ्यांना जाणवतातच. पृष्ठचित्रांना (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रांना, म्हणजे टेक्स्चरना) २५६ बाय २५६ ठिपक्यांची मर्यादा असल्याने भिंतीजवळ गेल्यावर दगडांचा पोत पुसट होतो. मधला एक महिना मी त्याच संगणकात एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रिव्हा टीएनटी२ चिपचे कार्ड लावले होते. ३२ बिट रंगांत ते मंदावत असे, पण धूर धुरासारखा दिसत असे. त्या वेळच्या ग्राहकाने हा फरक पाहून काय ठरवले असेल, हे समजायला मग वेळ लागला नाही.

व्हूडू३ हे मुळात १९९८ च्या व्हूडू२ चेच वेगवान रूप, त्याला द्विमितीय चित्राची (विंडोजचा नेहमीचा पडदा दाखवणारी) बाजू जोडलेली. १९९६ मधल्या पहिल्या व्हूडूला ती बाजूच नव्हती. दुसऱ्या कार्डाचे चित्र तारेने त्यातून पुढे न्यावे लागे. एवढे असूनही लोकांनी ते घेतले, कारण त्याच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या अभियंत्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीला तो काळ फार लवकर आणि फार सहज लाभला.

माझ्या मते मोठी चूक प्रयोगशाळेबाहेर झाली. थ्रीडीएफएक्स चिप बनवी आणि डायमंड, क्रिएटिव्ह यांसारख्या कंपन्या त्यांची कार्डे करून जगभर विकत. डिसेंबर १९९८ मध्ये कंपनीने एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि मेक्सिकोतील हुआरेझच्या कारखान्यातून स्वतःच कार्डे काढायचे ठरवले. ज्यांनी आपला माल घरोघरी पोहोचवला त्यांचेच गिऱ्हाईक आपण घेतल्यावर ते दुसऱ्याच्या दारी जाणार, हे उघड होते. डायमंड आणि क्रिएटिव्ह या दोघांनीही टीएनटी२ ची कार्डे बाजारात आणली. कारखान्याचा भार आला, त्याच सुमारास विक्रीच्या वाटा आटल्या आणि नवी चिप लांबत गेली.

ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने भूमितीची (वस्तूंचे आकार आणि जागा ठरवण्याची) आकडेमोडही प्रोसेसरकडून स्वतःकडे घेतली. व्हूडू५ ५५०० त्यानंतर २००० च्या मध्यावर आले. त्याच्या दोन चिप वस्तूंच्या कडा गुळगुळीत करण्यात उत्तम होत्या, पण प्रत्येक चिपला पृष्ठचित्रांची वेगळी प्रत लागत असल्याने ६४ मेगाबाइट मेमरी पूर्णपणे कामी येत नसे. चार चिपचे व्हूडू५ ६००० तर दुकानात आलेच नाही. १५ डिसेंबर २००० रोजी मुख्य मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचा करार जाहीर झाला: ७ कोटी डॉलर रोख आणि १० लाख शेअर. दोन व्हूडू२ जोडण्याच्या पद्धतीचे एसएलआय हे नाव एनव्हिडियाने २००४ मध्ये वेगळ्या अर्थाने पुन्हा वापरले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

कोणी हे कार्ड घेणार असेल, तर मदरबोर्डावरचा एजीपी स्लॉट (ग्राफिक्स कार्ड बसवायची खाच) ३.३ व्होल्टचा आहे ना, हे आधी तपासावे. नंतरच्या अनेक एजीपी मदरबोर्डांवर ते लावू नये. कंपनीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) २००० नंतर थांबले असले, तरी हौशी मंडळींनी सुधारलेले उपलब्ध आहेत. हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) अर्ध्या तासात इतके तापते की बोट ठेववत नाही. मी समोर एक संथ पंखा बसवला आहे आणि तेव्हापासून उन्हाळ्यातही चित्र एकदाही बिघडलेले नाही.