नाट्यपदांच्या कार्यक्रमासाठी हॅप की प्रोरेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाट्यपदांच्या कार्यक्रमात गायकांच्या मागील एलईडी वॉलवर दृश्ये चालवण्याचे काम मी करतो. गेले काही महिने या कामासाठी एच.२६४, प्रोरेस आणि हॅप हे व्हिडिओ साठवण्याचे तिन्ही फॉरमॅट आलटून पालटून वापरले असून निवड करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव मांडत आहे. अशा कार्यक्रमात फाइलची खरी परीक्षा ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर होते, कारण गायक पदात कोठूनही मागे वळतो आणि त्याच्याबरोबर मागचे दृश्यही विलंब न लावता मधल्याच एखाद्या ठिकाणापासून पुन्हा सुरू व्हावे लागते.

एच.२६४ येथे कमी पडतो आणि त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. २००३ साली प्रमाणित झालेला हा फॉरमॅट अधूनमधून एक पूर्ण फ्रेम साठवतो आणि उरलेल्या फ्रेम केवळ आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेल्या फरकाच्या रूपात ठेवतो. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन पूर्ण फ्रेममधले अंतर २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकते, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम धरल्यास आठ सेकंदांहून अधिक. मधल्या ठिकाणी उडी मारायची झाली की संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपासून सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. घरी पाहताना हे जाणवत नाही. रंगमंचावर सम निघून जाते. ज्यांना एच.२६४ सोडता येत नाही त्यांनी निदान प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवण्याची सेटिंग निवडावी, मात्र मग लहान फाइल हा त्याचा मुख्य फायदाच बऱ्याच अंशी जातो.

ॲपलचा २००७ पासूनचा प्रोरेस प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवतो, त्यामुळे उडी मारण्याची अडचण उरत नाही. पूर्ण एचडीला (१९२० बाय १०८० पिक्सेल) ३० फ्रेमच्या वेगात प्रोरेसच्या ४२२ एलटी या हलक्या प्रकाराला सेकंदाला सुमारे १०२ मेगाबिट, म्हणजे तेरा मेगाबाइटच्या आत वेग लागतो. मॅकवर क्यूलॅब हे कार्यक्रमातील ध्वनी-दृश्ये चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फार विचार न करता हाच घ्यावा असे माझे मत आहे. २०२१ मधील एम१ प्रो आणि एम१ मॅक्सपासून ॲपलने प्रोरेससाठी चिपमध्येच स्वतंत्र यंत्रणा दिली आहे. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असल्यास प्रोरेसचा ४४४४ हा प्रकार वापरावा लागतो.

विंडोज लॅपटॉपवर मात्र हॅपने माझे मन जिंकले. या फॉरमॅटमध्ये चित्र ग्राफिक्स कार्डाला थेट समजणाऱ्या रूपात असते, त्यामुळे प्रोसेसरवर भार जवळजवळ पडत नाही आणि तीन-चार थर एकावर एक चालू असतानाही लॅपटॉप शांत राहतो. टचडिझायनर, मिल्युमिन, मॅडमॅपर यांसारखी दृश्ये चालवणारी सॉफ्टवेअर तो वाचतात. याची किंमत डिस्कवर मोजावी लागते. हॅप क्यू या चांगल्या दर्जाच्या प्रकाराला पूर्ण एचडीसाठी, ३० फ्रेमला, सेकंदाला जास्तीत जास्त ६२ मेगाबाइट लागतात. दहा मिनिटांचे दृश्य ३७ गिगाबाइटपर्यंत जाते, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळताना दोन फाइल एकाच वेळी वाचाव्या लागत असल्याने वेगाची गरज दुप्पट होते. यूएसबी २.० चा पेन ड्राइव्ह कागदोपत्रीही ६० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. सर्व फाइल लॅपटॉपच्या आतील एसएसडीवर घेतल्याशिवाय तिसरी घंटा होऊ देऊ नये.

साधा हॅप निम्म्या जागेत बसतो, पण तो चार बाय चारच्या प्रत्येक ठोकळ्यात जेमतेम चार रंग ठेवतो. संध्याकाळच्या आकाशाचा हळुवार उतार असेल तर त्यावर पट्टे उमटतात आणि मोठ्या वॉलवर ते मागच्या रांगेतूनही दिसतात. नक्षीदार पडदे, झाडी, गर्दी यांना तो चालतो. आकाश, धुके, समईचा उजेड यांना हॅप क्यूच हवा. पदाचे आणि रागाचे नाव दाखवायचे असेल तर व्हिडिओ बनवूच नये. पीएनजी चित्र लावावे. एच.२६४ च्या नेहमीच्या सेटिंगमध्ये रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी होत असल्याने काळ्यावरच्या लाल अक्षरांचे बारीक काने आणि मात्रा त्यात हमखास पुसट होतात.

रूपांतर करताना सर्वाधिक बचत मापामुळे झाली. अर्ध्या मीटरचे, १२८ बाय १२८ पिक्सेलचे पॅनेल दहा आडवे आणि सहा उभे लावले तर वॉल १२८० बाय ७६८ पिक्सेलची होते. तिला पूर्ण एचडी फाइल देणे व्यर्थ आहे. त्याच मापात केलेला हॅप क्यू निम्म्याहून कमी वेगात चालतो. फक्त लांबी आणि रुंदी दोन्हींना चारने भाग जाईल असे पाहावे. वॉलवाल्याकडून पॅनेलची संख्या आदल्या दिवशी मागून घेणे म्हणूनच फार महत्त्वाचे ठरते. फ्रेमचा वेगही पडद्याशी जुळवावा: ६० हर्ट्झच्या आउटपुटवर २५ फ्रेमचे ढग अडखळत सरकतात, ३० फ्रेमचे अडखळत नाहीत. मोबाइलवरच्या चित्रणात हा वेग अनेकदा स्थिर नसतो, तो आधी स्थिर करून घ्यावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपचा हॅप केल्याने फाइल फुगते, चित्र सुधारत नाही. संकलकाकडून मूळ फाइलच मागावी.

रूपांतरासाठी एफएफएमपेग आणि शटर एन्कोडर ही दोन्ही मोफत साधने पुरेशी आहेत. एफएफएमपेगमध्ये हॅपच्या फ्रेमचे चार तुकडे करण्याचा पर्याय द्यावा, म्हणजे वाचताना प्रोसेसरचे अनेक गाभे (कोअर) काम वाटून घेऊ शकतात. ध्वनी मी व्हिडिओत ठेवतच नाही. तानपुऱ्याची लूप ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमधून वेगळी चालते, कारण एमपी३ च्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता घालतो आणि प्रत्येक फेऱ्यात ती ऐकू येते.

एक गैरसोय अजून टिकून आहे. हॅपची फाइल दिग्दर्शकाच्या फोनवर उघडत नाही, नव्या मॅकच्या क्विकटाइम प्लेयरमध्येही नाही, आणि व्हीएलसी ती प्रोसेसरवर उलगडत असल्याने तेथे ती अडखळली तरी फाइलला दोष देता येत नाही. त्यामुळे मंजुरीसाठी प्रत्येक दृश्याची लहान एमपी४ प्रत वेगळी काढावी लागते. मूळ प्रत मात्र मी प्रोरेस ४४४४ मध्येच जपतो, कारण पुढच्या नाट्यगृहातली वॉल वेगळ्या मापाची निघाली की हॅप पुन्हा त्या प्रतीवरूनच करायचा असतो.