म्युनिक की प्राग? बिअरसाठी दोनच दिवस हातात असतील तर

ऑफिसातला एक मित्र, घोडबंदर रोडला राहतो, युरोपची ग्रुप टूर संपली की स्वतःचे दोन दिवस जोडून घेणार आहे आणि गेला आठवडाभर ठाणे ते दादर लोकलमध्ये माझं डोकं खातोय, म्युनिकला राहू की प्रागला. मी आणि बायको एकाच ट्रिपमध्ये दोन्हीकडे राहून आलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लागर म्हणजे काय, व्हीट बिअर म्हणजे काय हे माहीत आहे असं धरतो.

आधी म्युनिक, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. बिअरगार्डन म्हणजे चेस्टनटच्या झाडांखाली लांबलचक बाकडी, अनोळखी माणसांना खेटून बसायचं, आणि खायचं घरून न्यायचं. हो, चालतं! १८१२ साली बव्हेरियाच्या राजाने ब्रुअरीवाल्यांना बागेत बिअर विकू दिली पण जेवण विकायला मनाई केली, तेव्हापासून लोक डबे घेऊन येतात. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं तेवढी सोडायची, ती वेटरवाली. आम्ही ऑगस्टिनर केलर नावाच्या बिअरगार्डनला भाकरवडी आणि पातळ पोह्यांचा चिवडा काढला, शेजारच्या आजोबांनी मुळ्याच्या चकत्या पुढे केल्या, मग त्यांनाही चिवडा दिला तर चिमटीत एकेक पोहा धरून खात बसले. बायको शाकाहारी, तिला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात सुखाची संध्याकाळ तीच.

आता माझं दुखणं. मास. (मांस नव्हे, मास, म्हणजे एक लिटरचा जाड काचेचा मग.) शहरातल्या बसून जेवायच्या जागांमध्ये अर्धा लिटर मिळतो, पण बऱ्याच बिअरगार्डनमध्ये साधी हेलेस (तिथली फिकट सोनेरी लागर) मागितली की लिटरच हातात येतो, लहान द्या म्हटलं की काउंटरवरचा माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपण मिसळ मागवून तर्री नको म्हटलंय. पहिला पाव लिटर स्वर्ग, दुसराही छान, पण माझं पिणं सावकाश, तोंड जास्त बोलण्यात, त्यामुळे शेवटचा पाव लिटर ऊन लागून कोमट, फेस गेलेला, आणि पैसे दिलेत म्हणून तो संपवायचा. तीन संध्याकाळी हेच. बायकोच्या मगातलंही शेवटी मलाच संपवावं लागायचं, ते तर अजूनच कोमट. ज्यांना लिटरभर पटकन जातं त्यांना हा त्रास कदाचित कळणारही नाही, मी माझ्या पोटाचं सांगतोय.

आणि एका जागी बसलात की एकाच ब्रुअरीची बिअर. शहरावर सहा मोठ्या ब्रुअऱ्यांचं राज्य, ऑक्टोबरफेस्टलाही (तिथली बिअरची मोठी जत्रा) याच सहा, तिथे २०२४ ला एक मास १३.६० ते १५.३० युरोपर्यंत गेला होता. गिझिंगर नावाची एक छोटी ब्रुअरी आहे, २००६ साली गॅरेजमध्ये सुरू झालेली, ती मात्र चुकवू नका.

प्रागला पहिल्या दिवशी माझा पोपट झाला. बोर्डावर १०, ११, १२ असे आकडे, मला वाटलं अल्कोहोल, म्हणून दुपारची वेळ बघून घाबरत घाबरत १० मागवली. ते आकडे बिअर बनवताना रसात किती साखर होती त्याचे निघाले, १० म्हणजे साधारण चार टक्के, १२ म्हणजे पाचच्या आसपास. म्हणजे घाबरायचं काही नव्हतं, मग १२ मागवली.

दुसरं म्हणजे फेस. आपल्याकडे परमिट रूममधला वेटर ग्लास तिरका धरून फेस येऊ न देता ओततो, आणि फेस आला तर आपण भांडतो. इथे नळ आधी फेस सोडतो आणि त्याच्याखाली बिअर भरतात, वर चांगली तीन बोटं दाट, ओलसर फेस. मी परत करणार होतो! बायकोने हात धरला. पिऊन बघितलं तर तो फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकतो आणि खाली बिअर ताजी राहते. अर्धा लिटर, फार तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, कोमट व्हायला वेळच नाही. त्याहून कमी हवी तर श्नित मागा, त्यात बिअर कमी आणि फेस जास्त.

ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो आणि टेबलावरच्या कागदावर पेन्सिलची एक रेघ वाढते. याचा काहींना राग येतो, पण आपण पंगतीत वाढलेली माणसं, पानावर हात आडवा धरल्याशिवाय वाढणं थांबत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथे हाताऐवजी ग्लासवर कोस्टर ठेवायचा. मला हे कळेपर्यंत तिसरी रेघ पडली होती.

प्रागमध्ये सगळंच गोड नाही. वेटर तुसडे, जुन्या चौकाजवळ भाव चढे, आणि शाकाहारी माणसाला तळलेलं चीज, मुरवलेलं चीज आणि परत तळलेलं चीज. चिवडा बॅगेतच राहिला. पण क्राफ्टवाल्यांसाठी, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांची वेगळी बिअर शोधणाऱ्यांसाठी, निवड जास्त, नुस्ले भागातल्या 'झ्ली चासी' या पबमध्ये एकाच भिंतीवर वेगवेगळ्या छोट्या ब्रुअऱ्यांचे नळ, विनोह्रदी भागात तर त्या भागाची स्वतःची ब्रुअरी. गाडी भाड्याने घेऊ नका, चेकमध्ये ड्रायव्हरला दारू शून्य म्हणजे शून्यच.

म्युनिक वाईट अजिबात नाही, उन्हाळ्यात चार जण मिळून जात असाल आणि कोरडा खाऊ बरोबर असेल तर बिनधास्त जा. दोघंच असाल आणि माझ्यासारखे रेंगाळत पिणारे असाल तर मी आपला प्रागचं तिकीट काढेन. म्युनिकहून प्रागला जाणारी ट्रेन वाटेत पिल्सेनला थांबते, १८४२ साली जिथे पहिली पिल्सनर (फिकट सोनेरी, कडसर लागर) बनली आणि ती बनवणारा योझेफ ग्रोल बव्हेरियातूनच आणला होता. तिथे ब्रुअरीच्या टूरच्या शेवटी थंडगार तळघरात लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर देतात. आम्हीही प्रागला जाताना तिथे उतरलो होतो, बॅगा स्टेशनवर ठेवून.