लेसर सुरू होताना: दर-समीकरणं की प्रवासी लहर?

धुळ्याची एक एमएस्सीची विद्यार्थिनी अडली होती: सेमीकंडक्टर लेसर सुरू होतो तेव्हाचं गणित कुठल्या मॉडेलने मांडू?

बाई, केळीच्या बागेतला हौद आणि पाट डोळ्यांपुढे आण. दर-समीकरणं लेसरला हौद मानतात: इलेक्ट्रॉन किती, फोटॉन (प्रकाशाचे कण) किती, एवढीच पातळी मोजायची. प्रवासी लहरीचं मॉडेल पाटासारखं. कुठल्या टप्प्यावर किती पाणी, तेही बघतं.

मेहनत बघ. पहिल्यात दोन समीकरणं, रुंगे-कुट्टा पद्धत (समीकरणं पावलापावलाने सोडवायची रीत), साध्या लॅपटॉपवर काम होतं. दुसऱ्यात ३०० मायक्रोमीटरच्या पोकळीचे (लेसरमध्ये प्रकाश पुढे-मागे फिरतो ती जागा) ३० तुकडे केले, तर काळाचं एकेक पाऊल ०.१ पिकोसेकंदाच्या आसपास येतं. इतकी बारीक पावलं, म्हणून हिशेब खूप वाढतो.

सुरू होण्याचा विलंब (करंट दिल्यापासून लेसरचा प्रकाश येईपर्यंतचा वेळ) मात्र हौदातूनही छान निघतो. करंट शून्यावरून एकदम उंबरठ्याच्या (ज्या करंटला लेसर पेटतो) दुप्पट केला आणि इलेक्ट्रॉनचं आयुष्य २ नॅनोसेकंद धरलं, तर विलंब साधारण १.४ नॅनोसेकंद. त्यानंतरची प्रकाशाची थरथरही दिसते. फक्त उत्स्फूर्त उत्सर्जनाचं (आपोआप बाहेर पडणाऱ्या फोटॉनचं) पद गाळू नकोस. ते नसेल तर फोटॉन शून्यावरून हलतच नाहीत. माझ्या दोन रात्री त्यात गेल्या.

साधा लेसर डायोड आणि विलंबच हवा असेल, तर हौद पुरे. डीएफबी (पोकळीच्या लांबीभर बारीक जाळी असलेला) किंवा अनेक भागांचा लेसर, जिथे पोकळीत प्रकाश सगळीकडे सारखा नसतो, तिथे पाटच धर.